दोन तारामती

हरिश्चंद्राची राणी तारामती हिची कथा मराठी घरात कोणाला सांगावी लागत नाही. राज्य गेले, अंगावरचे दागिने गेले, बाजारात उभे राहून विकले जाणे नशिबी आले, मांडीवरचा रोहिदास गेला. तरी तिच्या निष्ठेला तडा गेला नाही. चित्रपटाच्या इतिहासात ही तारामती दोन वेळा महत्त्वाच्या प्रसंगी अवतरली. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला, तेव्हा ती पहिल्यांदा दिसली. पुढे १९३२ साली प्रभात कंपनीने कोल्हापुरात काढलेल्या 'अयोध्येचा राजा' या मराठीतील पहिल्या बोलपटात ती पुन्हा दिसली. पहिली तारामती होती अण्णा साळुंके नावाचा एक तरुण, खानावळीत आचाऱ्याचे काम करणारा. दुसरी तारामती म्हणजे दुर्गाबाई खोटे. मुंबईतील प्रसिद्ध सॉलिसिटर लाड यांची कन्या, सेंट झेवियर कॉलेजात शिकलेली.

भूमिका एकच, कथा एकच, आणि प्रेक्षकवर्गही बहुतांशी एकच. पण पहिल्या तारामतीच्या शीलाची चौकशी करावी असे कोणाच्या मनातही आले नाही. दुसरीने चित्रपटात पाऊल टाकले तेव्हा तिच्या शीलाची, तिच्या माहेरची आणि सासरची चर्चा सुरू झाली. कचेरीत फायली चाळण्यात ज्याची वर्षे जातात त्याला एक सवय जडते. एकाच प्रकारच्या दोन प्रकरणांवर परस्परविरुद्ध शेरे आढळले, की तो मागच्या टिपणीपर्यंत जाऊन कोणत्या नियमाने हे शेरे मारले गेले याचा शोध घेतो. या दोन तारामतींच्या प्रकरणाचा तसाच थोडा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे.

फाळक्यांनी प्रथम स्त्रीचाच शोध केला होता. घरंदाज स्त्रिया येणार नाहीत हे उघडच होते. पण समाजाने ज्यांना आधीच उंबऱ्याबाहेर ठेवले होते त्या बायकांनीही पडद्यावर येण्यास नकार दिला. अखेर एका खानावळीत त्यांची दृष्टी साळुंक्यांच्या सडपातळ बांध्यावर आणि नाजूक बोटांवर गेली. अधिक पगार कबूल करून त्यांनी त्याला आणला आणि लुगडे नेसवले. या आचाऱ्याचे दैव असे उघडले, की १९१७ च्या 'लंकादहना'त त्याने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच चित्रपटात नवराही तोच आणि बायकोही तीच! प्रेक्षकांनी दोघांनाही भक्तिभावाने हात जोडले.

यात त्या काळच्या मराठी माणसाला काही विपरीत वाटण्याचे कारण नव्हते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून आपल्या नाटकातील सीता, द्रौपदी, दमयंती पुरुषच होते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचा नवा मनू सुरू झाला. त्यांच्या कंपनीत बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होऊन उभे राहिले, की त्यांच्या गळ्याइतकीच त्यांच्या रूपाचीही वाखाणणी होई. भाऊराव १९०१ साली वारले. चार वर्षांनी त्याच कंपनीत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याला आपण बालगंधर्व म्हणतो.

बालगंधर्वांच्या गायनाविषयी येथे लिहिण्याचा अधिकार मला नाही आणि प्रयोजनही नाही. येथे प्रश्न त्यांच्या रूपाचा, किंबहुना त्या रूपाकडे पाहणाऱ्या डोळ्यांचा आहे. १९११ ची भामिनी, १९१६ ची रुक्मिणी, १९१९ ची सिंधू, १९२० ची द्रौपदी या भूमिकांतून त्यांनी मराठी स्त्रीला तिचे स्वतःचेच एक आदर्श चित्र काढून दाखविले. पदर कसा घ्यावा, केसांत फुले कशी माळावी, शालू कोणत्या रंगाचा असावा, लाजावे कसे आणि रुसावे कसे, याचे धडे घरंदाज बायकांनी त्यांच्यापासून घेतले. जाहिरातदारांनी त्यांच्या चित्रावर माल विकला. गुजराती रंगभूमीवरही त्याच वेळी हाच प्रकार चालला होता. १९०१ साली मुंबईत 'सौभाग्यसुंदरी' नाटकात नायिका झालेल्या जयशंकर भोजकांना लोकांनी 'सुंदरी' हेच नाव कायमचे बहाल केले. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा आणि जयशंकर सुंदरींचा १८८९ चा. दोघांचेही अनुकरण गृहिणींनी केले आणि दोघांनाही पुढे सरकारने पद्मभूषण दिले. सन्मान योग्यच होता. दोघांची कला अस्सल होती आणि तिच्यामागे तपश्चर्या होती.

परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नाटकगृहातील पुरुष भामिनीच्या रूपावर लुब्ध होऊन बाहेर पडे, मित्रांच्या बैठकीत त्या रूपाचे रसभरित वर्णन करी, आणि घरी जाऊन पत्नीलाही तसेच नटण्याची सूचना करी. या सर्वांस 'रसिकता' असे नाव होते. स्त्रियांच्या बसण्याच्या निराळ्या जागेतून तेच रूप पाहणाऱ्या पत्नीलाही त्याची स्तुती करण्यास मोकळीक होती. कारण ती स्तुती लुगड्यातल्या रूपाची होती. हीच पत्नी नाटकातल्या धैर्यधराच्या रुबाबाची तारीफ करू लागती तर? तिचे डोळे कोणाकडे वळतात याचा हिशेब घरात ठेवला जात होता. तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांचा हिशेब कोणी ठेवीत नव्हते. बायकांना पुरुषाचे सौंदर्य मनसोक्त पाहण्याची मुभा मिळाली ती त्या पुरुषाने बाईचा वेष घेतल्यावर. आणि पुरुषांना बाईचे सौंदर्य निःशंकपणे पाहण्याची सोय झाली ती ती बाई मुळात पुरुष असल्यामुळे. या दोन्ही सोयींत खऱ्या स्त्रीला जागा नव्हती.

खऱ्या स्त्रिया नव्हत्याच असे मात्र कोणी समजू नये. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात, १९१३ सालीच, दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान मुलगी कमला अशा दोघींनी कामे केली. एका पोटच्या मुलीला घेऊन एकटीने संसार रेटणाऱ्या त्या बाईने पोटासाठी पत्करलेला तो मार्ग होता. ही कमला म्हणजेच पुढील काळातील कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या मातोश्री आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही महाराष्ट्रात होऊन गेल्या; त्यांत मिशा लावून पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करीत. पण पुरुषाने लुगडे नेसले तर त्याची गणना कलावंतात झाली, आणि बाईने फेटा बांधला तर ते एक नवल म्हणून पाहिले गेले. आपल्या नाट्येतिहासाच्या ग्रंथांत पहिल्या प्रकारास प्रकरणेच्या प्रकरणे मिळाली आहेत. दुसऱ्याची बोळवण बहुधा थोडक्यात होते.

हा दोष एकट्या महाराष्ट्राचा नाही. आपल्यापैकी जे कलकत्त्यास नोकरीनिमित्त राहिले आहेत त्यांना तेथील कथा ठाऊक असेल. बंगालने स्त्रीला रंगभूमीवर आपल्याआधी आणले. १८७३ साली बेंगॉल थिएटरने मायकेल मधुसूदन दत्तांच्या आग्रहाने नट्या घेतल्या. पण त्यामुळे नाराज होऊन प्रत्यक्ष ईश्वरचंद्र विद्यासागर त्या संस्थेपासून दूर झाले. विधवांच्या पुनर्विवाहासाठी ज्यांनी सर्व समाजाचा रोष ओढवून घेतला, त्यांनाही नटी मानवली नाही. तिथल्या विनोदिनी दासीची कहाणी तर याहून बोलकी आहे. १८८३ साली स्टार थिएटर उभे राहिले ते तिच्यावर लुब्ध झालेल्या एका धनिकाच्या पैशाने, आणि त्यासाठी तिला स्वतःला पणास लावावे लागले. थिएटरला तिच्या नावाचे आद्याक्षर देण्याचे आश्वासन होते. पण अशा बाईचे नाव दारावर लागले तर लोक येणार नाहीत, या धास्तीने 'स्टार' हे नाव पडले. लोक आत येत होते ते तिला पाहण्यासाठीच! पंचविशीच्या आतच तिने रंगभूमी सोडली. पुढे आत्मचरित्र लिहून तिने हे सर्व सांगितले, म्हणून तरी आपल्याला कळले.

येथे कोणी म्हणेल, की त्या काळी नाटकमंडळ्यांचे बिऱ्हाड गावोगाव फिरणारे, त्यात बायकांचे संरक्षण कसे व्हावे? स्त्रियांना दूर ठेवण्यात त्यांच्याच हिताचा विचार होता. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. फिरत्या कंपनीतील जीवन कष्टाचे आणि धोक्याचे होते. पण या युक्तिवादाची एक बाजू सोयीस्करपणे विसरली जाते. धोका ज्यांच्यापासून होता त्यांच्यावर बंधन घालावे असे कोणी सुचविले नाही. जिला धोका होता तिला घरात बसविले, आणि जी बसली नाही तिला दूषण दिले. शिवाय संरक्षणाचीच काळजी असती तर स्टुडिओत दिवसभर काम करून संध्याकाळी घरी परतणाऱ्या नटीविषयी कुजबूज होण्याचे कारण उरले नसते.

दुर्गाबाईंच्या बाबतीत हे स्पष्ट दिसले. पदरी दोन मुले, घरची परिस्थिती पालटलेली, आणि स्वतः मिळवते होण्याची गरज. १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक लहानसे काम केले. चित्रपट हलक्या दर्जाचा निघाला. त्याचा बोल निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला लागण्याऐवजी, लाडांच्या मुलीने आणि खोट्यांच्या सुनेने घराण्याला काळिमा लावला म्हणून बाईंना लागला. शांतारामबापूंनी त्यांना तारामतीसाठी बोलावले नसते तर त्यांची चित्रपटातील कारकीर्द तेथेच संपली असती. 'अयोध्येचा राजा' यशस्वी झाला आणि तीच जनता त्यांची वाहवा करू लागली. पतिव्रतेची भूमिका केली तेव्हा कोठे बाईंना समाजाची माफी मिळाली, असेच म्हणावे लागेल. या चित्रपटात हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. ज्यांनी १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली तेच. टेंब्यांनी पडद्यावर येऊन आपल्या घराण्याचे काय केले, असा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

रूपाच्या कौतुकाचा हा तराजू कसा चालतो हे पाहावयास क्षणभर सातासमुद्रापलीकडे जाऊ. बालगंधर्वांचा अमदानीचा जो काळ, त्याच काळात अमेरिकेत रुडॉल्फ व्हॅलेंटिनो नावाचा इटालियन नट गाजत होता. १९२१ च्या 'द शेक' या मूकपटाने तिकडच्या स्त्रियांना त्याचे वेड लागले. तिकडच्या पुरुषांना हे सहन झाले नाही. जुलै १९२६ मध्ये शिकागोच्या एका मोठ्या दैनिकाने, एका नृत्यगृहाच्या पुरुषांच्या प्रसाधनगृहात पावडरचे यंत्र बसविलेले पाहून, अमेरिकन पुरुष बायकी झाला त्याचे पाप व्हॅलेंटिनोच्या माथी मारणारा अग्रलेख लिहिला. संतापलेल्या नटाने लेखकाला मुष्टियुद्धाचे आव्हान दिले. पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्ट रोजी, एकतिसाव्या वर्षी तो आजारपणात वारला. त्याच्या अंत्यदर्शनासाठी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लोटलेल्या गर्दीतील बायकांच्या शोकाला उन्माद म्हणून हिणवले गेले.

हे दोन नट शेजारी ठेवून पाहावे. एकाने तोंडाला पावडर लावली ती पुरुष म्हणून, आणि त्याचे चाहते मुख्यतः बायका. तो टवाळीचा विषय झाला. दुसऱ्याने पावडर लावली ती स्त्री म्हणून, आणि त्याच्या चाहत्यांचे पुढारपण पुरुषांकडे. तो समाजाचा लाडका झाला. म्हणजे कौतुकास पात्र कोण याचा निर्णय रूपावरून होत नव्हता, कौतुक करणारा कोण यावरून होत होता. पुरुषाने वाखाणलेले रूप ही कला, बाईने वाखाणलेले रूप हा थिल्लरपणा, आणि बाईने स्वतःचे रूप लोकांपुढे आणले तर तो अधःपात. टिपणी उलटत मागे गेल्यावर जो नियम सापडतो तो एवढाच आहे.

या नियमाचा सर्वांत कठोर फटका कोणास बसला असेल तर तो गोहरबाई कर्नाटकी यांना. बालगंधर्वांची उतरती कळा लागली ती गोहरबाईंमुळे, असे मराठी घरांतून आजही अगदी खात्रीने सांगितले जाते. येथे सनावळीकडे पाहण्याची तसदी घ्यावी. बोलपटाने नाटकांचा प्रेक्षक ओढून नेला तो १९३२ नंतर. मंडळीवर कर्जाचा डोंगर त्याही आधीपासून होता. अत्तरे, शालू आणि खरे दागिने यांवर हात न आखडता खर्च करणाऱ्या मालकाचा तो हिशेब होता. १९३५ मध्ये बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथ होऊन पुरुषवेषात पडद्यावर आले, म्हणजे जुनी घडी तेव्हाच विसकटली होती. गोहरबाई कंपनीत आल्या १९३८ मध्ये. जे घर तीन वर्षे आधी खचले, ते नंतर आलेल्या बाईने पाडले, हा आरोप इतिहासाच्या कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. पण आपल्या दैवताच्या पडत्या काळाला एक कारण हवे होते, आणि ते कारण बाईच्या रूपात सापडणे फार सोपे होते. १९६४ साली गोहरबाई वारल्या. त्यांच्या गळ्यात बालगंधर्वांची गायकी जशीच्या तशी उतरली होती हे जाणकार मान्य करतात, आणि तरीही त्यांचे नाव काढताना आवाज खाली आणतात.

वयाच्या बाबतीतही हेच. पन्नाशी उलटल्यावर, देह स्थूल झाल्यावरही बालगंधर्व नायिकेच्या वेषात उभे राहत आणि जुने रसिक डोळे मिटून त्यांना पूर्वीच्याच रूपात पाहत. त्या प्रेमाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण असे डोळे मिटण्याचे औदार्य एखाद्या नटीच्या वाट्यास आल्याचे दिसत नाही. १९५७ च्या 'मदर इंडिया'त नर्गिस ही सुनील दत्तची आई झाली. दोघांचाही जन्म जून १९२९ चा. त्या चित्रपटाला ती भूमिका आवश्यक होती असे म्हणता येईल. मग १९८२ चा 'शक्ती' घ्यावा. त्यात राखी ही अमिताभ बच्चनची आई आहे. सहा वर्षांपूर्वी 'कभी कभी'मध्ये ती त्याची प्रेयसी होती, आणि वयाने त्याच्याहून पाच वर्षांनी लहान आहे. नायकाच्या कपाळावरील सुरकुती ही अनुभवाची खूण आणि नायिकेच्या कपाळावरील सुरकुती ही निवृत्तीची नोटीस, हा रिवाज आपण सर्वांनी तिकीट काढून मान्य केला आहे.

परप्रांतात राहणाऱ्या आपणा मंडळींना हा विषय जरा अधिक जवळचा वाटावा. गाव सुटल्यावर माणूस आपल्याबरोबर जे थोडे नेतो त्यात नाट्यगीते असतातच. महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत, गणेशोत्सवात, बदलीच्या निरोप समारंभात बालगंधर्वांचे पद कोणीतरी म्हणतो आणि पुढची पिढी त्यातून महाराष्ट्र शिकते. आपल्या मुली गोष्टी ऐकतात त्या आपल्याच तोंडून. एका पुरुषाने स्त्रीचे रूप घेतले तेव्हा सारा महाराष्ट्र वेडावला, ही गोष्ट त्यांना आपण अभिमानाने सांगतो, ती सांगावीच. पण त्याच वर्षांत दुर्गाबाई कामत आपल्या मुलीचा हात धरून फाळक्यांच्या दारात उभ्या होत्या, ही गोष्टही त्याच बैठकीत सांगितली पाहिजे. नाही तर मुलींच्या मनात एवढेच ठसते, की बाईचे सौंदर्य पुरुषाने धारण केले तर त्याची पूजा होते आणि बाईजवळ असले तर त्याचा जाब द्यावा लागतो.

पुण्यात बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या निधनानंतरच्या पहिल्या जयंतीस, उघडले गेले. त्या रंगमंचावर तेव्हापासून असंख्य स्त्रियांनी भूमिका केल्या, आणि त्यांना लुगडे नेसविण्यासाठी कोणा आचाऱ्याची गरज पडली नाही. तेवढे अंतर आपण निश्चित चाललो आहोत. मात्र अजूनही नाटक संपवून बाहेर पडताना नटाच्या अभिनयाविषयी आणि नटीच्या दिसण्याविषयी बोलणारे लोक भेटतात. तारामतीची सत्त्वपरीक्षा विश्वामित्राने एकदाच घेतली होती. रंगभूमीवरच्या बाईची आपण ती दर प्रयोगाला घेत आलो. ती आता थांबवावी, इतकेच या टिपणीअखेर नम्रपणे सुचवावयाचे आहे.